हार्मोनल तांबी काढताना आणि काढल्यानंतर नेमकं काय होतं? अनुभव हवे आहेत

अबोली

येत्या गुरुवारी मिरेना ही हार्मोनल तांबी काढून घेणार आहे. बसवून सव्वाचार वर्षं झाली. धाकटी आठ महिन्यांची असताना बसवली होती, रोज गोळी लक्षात ठेवायला नको म्हणून.

पहिले चार महिने रोज थोडे डाग पडायचे, कधी तपकिरी, कधी लाल. मग हळूहळू पाळी जवळजवळ बंदच झाली आणि त्याचा मला खूप आराम वाटला, ते आधी सांगते. पण दुसऱ्या वर्षापासून हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला मोठे, ठणकणारे फोड यायला लागले. मुरमं मला कॉलेजातही आली नव्हती. केस विंचरले की कंगवा भरतो. आणि सगळ्यात अवघड झालंय ते मन. महिन्यातले किती तरी दिवस उगाच भरून येतं. मुलींवर ओरडते आणि मग बाथरूमचं दार लावून रडते. मी अशी नव्हते.

एका डॉक्टरांनी सांगितलं की यातलं औषध फक्त गर्भाशयात काम करतं, मनाशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या म्हणाल्या, काढून बघू या. काढायचं ठरलं, पण इंटरनेटवर 'मिरेना क्रॅश', म्हणजे काढल्यावर तब्येत आणि मन एकदम ढासळतं, असं काहीबाही वाचून रात्रीची झोप उडाली आहे. म्हणून विचारते:

काढताना किती दुखतं? पाळी कधी सुरू होते? चेहरा आणि मन ताळ्यावर यायला किती दिवस लागतात? आणि आम्हाला आता मूल नको आहे, तर काढल्याबरोबर दिवस राहू शकतात का?

रानजाई

अबोली, काढण्याची भीती मनातून काढून टाक. बसवतानाचं दुखणं आठवून मी टेबलावर थरथरत होते. डॉक्टरांनी आत बघितलं, चिमट्यात दोरे धरले, मला खोकायला सांगितलं आणि 'झालं' म्हणाल्या. पाळीच्या पहिल्या दिवसासारखी एक कळ आली, एवढंच. तांबीचे दोन हात वर मिटतात आणि ती सुळकन खाली येते. संध्याकाळपर्यंत ओटीपोटात थोडं ओढल्यासारखं वाटत होतं आणि दोन दिवस पुसट डाग होते.

मला बाकी काहीच त्रास झाला नाही. २६ व्या दिवशी पाळी आली. माझ्यासारख्या बऱ्याच जणी असतील, पण ज्यांना काही होत नाही त्या कुठे लिहायला बसत नाहीत. तू वाचतेस ते सगळं त्रास झालेल्यांचं आहे, हे लक्षात ठेव.

सांजसावली

रानजाईचं खरं आहे, पण दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ज्यांना त्रास होतो त्यांना वाटतं आपल्यातच काही बिघडलंय.

मी साडेपाच वर्षांनी काढली. पहिला आठवडा इतका छान गेला की मी सगळ्यांना सांगत सुटले. दहाव्या दिवसापासून जी घसरण सुरू झाली ती जवळपास सात आठवडे. छाती इतकी दुखायची की पालथं झोपता येत नव्हतं. डोकं दुखायचं. अंगात ताकद नाही, रडू तर सतत डोळ्यांच्या कडेला. कारण काही नसताना छातीत धडधड. नवऱ्याला वाटलं मी काही लपवतेय. पहिली पाळी ३९ व्या दिवशी आली, दुसरी २४ दिवसांनी, तिसरीपासून बरी सुरळीत झाली. तिसरी पाळी येऊन गेली आणि एक दिवस लक्षात आलं की चार दिवस आपण रडलेलोच नाही.

तेव्हा मला कुणी आधी सांगितलं असतं की असं होऊ शकतं आणि ते उतरतं, तर ते सात आठवडे मी इतकी एकटी पडले नसते. अबोली, घरात आत्ताच सांगून ठेव. नवऱ्याला, आईला, जो कुणी जवळचा आहे त्याला. 'पुढचे दोन महिने मी जरा हळवी असेन, मला सांभाळून घ्या', एवढं एक वाक्य पुरतं.

बकुळ

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. कुणाला तपासल्याशिवाय उपचार सांगत नाही, पण इथे काही गोष्टी स्पष्ट करायला हव्यात.

'औषध फक्त गर्भाशयात काम करतं' हे अर्धंच खरं आहे. ५२ मिलिग्रॅमच्या साधनातून सुरुवातीला दिवसाला साधारण २० मायक्रोग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे कृत्रिम संप्रेरक सुटतं, वर्षं जातात तसं ते कमी होत जातं. मुख्य काम आतच होतं. गर्भाशयमुखाजवळचा स्राव घट्ट होतो आणि अस्तर पातळ राहतं. म्हणूनच अंगावरून जाणं कमी होतं. पण थोडं औषध रक्तात उतरतंच. गोळ्यांपेक्षा कमी, तरी शून्य नाही. शिवाय लेव्होनॉर्जेस्ट्रेलला थोडा पुरुषी संप्रेरकांसारखा गुण आहे. जबड्याच्या कडेची मुरमं, तेलकट त्वचा, केस गळणं हे काही जणींना त्यामुळेच होतं. अबोली, तुमची तक्रार कल्पनेतली नाही.

मनाबद्दल. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणतंच हार्मोनल साधन न वापरणाऱ्यांच्या तुलनेत हे साधन असलेल्यांमध्ये नैराश्याचं औषध पहिल्यांदा सुरू होण्याचं प्रमाण साधारण १.४ पट दिसलं. यावरून तांबीमुळेच नैराश्य येतं असं सिद्ध होत नाही, आणि बहुतेक जणींना ते येतही नाही. पण 'संबंधच नाही' असं म्हणून पेशंटला परत पाठवणं मला पटत नाही. तिला बरं वाटत नसेल आणि काढून बघायचं असेल, तर तेवढं कारण पुरे आहे.

'क्रॅश' हा शब्द बायकांनी स्वतः तयार केलेला आहे, वैद्यकशास्त्रात असा आजार नोंदलेला नाही. तरीही सांजसावलीसारखं वर्णन मी पेशंटकडून पुष्कळदा ऐकलं आहे. औषध काही दिवसांत रक्तातून निघून जातं. बीजकोशांचं काम बहुतेकींमध्ये ते आत असतानाही चालूच असतं, त्यामुळे पाळी साधारण महिन्याभरात येते. पण चार-पाच वर्षं दबलेले महिन्याचे चढउतार आता पुन्हा जाणवू लागतात. छाती जड होणं, पाळीआधीची चिडचिड, फुगल्यासारखं वाटणं, हे सगळं नव्यानं आल्यासारखं वाटतं.

आणि हो, दिवस लगेच राहू शकतात. त्याच्याही पुढचं एक आहे जे पुष्कळदा सांगायचं राहून जातं. शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. तुम्ही मंगळवारी संबंध ठेवलेत आणि गुरुवारी तांबी काढली, तर मंगळवारचा संबंधही धोक्याचा ठरू शकतो. म्हणून काढण्याच्या आधीचे सात दिवस संबंध टाळा किंवा निरोध वापरा, आणि काढल्यावर तोच वापर पुढे चालू ठेवा.

अबोली

डॉक्टर, खूप आभार. ते सात दिवसांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आमचं या आठवड्यात काही नव्हतं, त्यामुळे काळजी नाही. सांजसावली, तुझं वाचून नवऱ्याला आजच बसवून सांगितलं. त्यानं तुझी पूर्ण पोस्ट वाचली.

कुंदा

मला एक वेगळं सांगायचं आहे, कुणाला दुखवायचा हेतू नाही. मीही सगळं खापर तांबीवर फोडत होते. थकवा, केस, वजन, उदासी. काढल्यावर चार महिने 'शरीर साफ होतंय' म्हणत वाट पाहिली. शेवटी बहिणीनं ओढून रक्ततपासणीला नेलं तर थायरॉईड भलताच बिघडलेला निघाला. गोळी सुरू झाल्यावर सहा-सात आठवड्यांत माणसात आले. ते चार महिने फुकट गेले याचं अजून वाईट वाटतं.

काढायची असेल तर जरूर काढ. पण त्याच आठवड्यात थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा तपासून घे.

निशिगंधा

कुंदाला दुजोरा, विशेषतः लोहाबद्दल. मी तांबी बसवली होती ती जास्त रक्तस्राव होतो म्हणून, गर्भनिरोधक म्हणून नव्हे. सहा वर्षं मला पाळीचा त्रास काय असतो याचा विसर पडला होता. काढली आणि तिसऱ्या महिन्यात जुनं सगळं जसंच्या तसं परत. दुसऱ्या दिवशी दर दीड तासाला पॅड, गाठी, रात्री टॉवेल घालून झोपणं. मी धरून चालले होते की इतकी वर्षं बंद होतं म्हणजे बरं झालं असेल. बरं झालंच नव्हतं, नुसतं थोपवून धरलं होतं. सोनोग्राफीत अस्तर गर्भाशयाच्या भिंतीत शिरल्याचं निदान झालं, ते आधीपासूनच असणार.

ज्यांनी दुखण्यासाठी किंवा रक्तस्रावासाठी बसवली आहे, त्यांनी काढायच्या *आधी* डॉक्टरांना विचारावं की यानंतर काय. त्यावरच्या गोळ्या आधीच घरात असलेल्या बऱ्या.

टेकडी

मी तर म्हणते असलं काही शरीरात घालूच नये. यानं कॅन्सर होतो असंही वाचलंय. दोरे हाताला लागतात, मग स्वतःच ओढून काढलं तर डॉक्टरकडे जायची गरज काय?

बकुळ

टेकडी, स्वतः ओढू नका. अर्धवट खाली सरकून गर्भाशयमुखात अडकली तर दुखतं, रक्त जातं आणि गर्भधारणेपासून संरक्षणही राहत नाही. कधी दोराच तुटतो, मग साधी पाच मिनिटांची गोष्ट मोठी होऊन बसते.

कॅन्सरचा प्रश्न योग्य आहे, त्याला आकड्यात उत्तर देते. २०२४ मध्ये डेन्मार्कचाच एक अभ्यास आला. त्यानुसार हे साधन ५ वर्षांपर्यंत वापरणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १४ जादा केसेस दिसल्या. धोका आहे, पण छोटा आहे. दुसरीकडे गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं प्रमाण या साधनानं कमी दिसतं. ज्यांना स्वतःला स्तनाचा कॅन्सर होऊन गेला आहे त्यांना आम्ही हे बसवत नाही. घरात कुणाला असेल तर डॉक्टरांना सांगा आणि मगच ठरवा.

आणि 'घालूच नये' याबद्दल. पंडुरोगानं पांढऱ्याफटक पडलेल्या, गर्भपिशवी काढायच्या यादीत असलेल्या बायका या साधनामुळे ऑपरेशनवाचून बऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. वर्षभरात त्यांचा रक्तस्राव नव्वद टक्क्यांहून जास्त कमी होतो. एकीला जे सोसत नाही ते दुसरीला जगवतं. दोघींचंही ऐकायला हवं.

मोगरा

माझं वय ४८. मला पाळी न येता सात वर्षं झाली होती, त्यामुळे रजोनिवृत्ती आली की नाही हे कळायचा मार्गच नव्हता. तांबीची मुदत संपली म्हणून काढली आणि पंधरा दिवसांत रात्री घामानं उशी भिजायला लागली. मला वाटलं हाच तो क्रॅश. डॉक्टर म्हणाल्या की गरम वाफा बहुधा याच सुमाराला सुरू होणार होत्या, पाळी बंद असल्यानं मला त्याचा अंदाज आला नाही. त्यावर उपचार मिळाले, आता ठीक आहे. पंचेचाळिशीच्या पुढच्यांनी ही शक्यता डोक्यात ठेवा, आणि पाळी दिसत नाही म्हणून गर्भधारणेचा धोका संपला असं धरून चालू नका.

वेल

माझे दोरे सापडलेच नाहीत. पहिल्या डॉक्टरांनी वीस मिनिटं प्रयत्न केला, मी अक्षरशः किंचाळले, आणि त्यांचं म्हणणं 'एवढं काय त्यात'. मी उठून निघून आले. दुसरीकडे आधी सोनोग्राफी केली. तांबी जागेवरच होती, दोरे फक्त वर ओढले गेले होते. गर्भाशयमुखात भुलीचं इंजेक्शन देऊन बारीक आकड्यानं काढली. दोन मिनिटं. तीच बाई, तेच शरीर, फक्त भूल दिली आणि घाई केली नाही.

दुखत असेल तर 'थांबा' म्हणायचा हक्क आपला आहे. मला हे वयाच्या ३७ व्या वर्षी कळलं.

बकुळ

वेल, तुम्हाला सोसावं लागलं याचं वाईट वाटतं. दोरे दिसत नसतील तर आधी सोनोग्राफी, हाच योग्य क्रम. क्वचित, हजारात एखादीला, तांबी गर्भाशयाच्या भिंतीतून बाहेर गेलेली असते. ती सोनोग्राफीत दिसत नाही, मग एक्स-रे काढावा लागतो. बाळाला अंगावर पाजत असताना बसवलेल्यांमध्ये ही शक्यता जास्त असते. आणि दुखण्यावर उपाय मागणं हा नाजूकपणा नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२४ मध्ये तांबी बसवण्याबद्दलच्या आपल्या सूचनांत म्हटलं आहे की दुखणं कमी करण्याचे पर्याय पेशंटशी आधीच बोलावेत.

पारवा

माझी मंगळवारी काढली. आम्हाला मूल हवंय. किती महिने थांबायचं?

बकुळ

थांबायची गरज नाही. पहिली पाळी येऊ दिली तर तारखांचा हिशोब सोपा जातो, एवढाच फायदा. मूल हवं म्हणून काढणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के जणींना वर्षभरात दिवस राहतात, म्हणजे साधन न वापरलेल्यांइतकंच. फॉलिक ॲसिड आजपासून सुरू करा. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी भेटा, वर्षभर वाट पाहू नका.

अबोली

झालं. काल सकाळी काढली. रानजाई, अगदी तू लिहिलंस तसंच, एक कळ आणि संपलं. मी ते बघायला मागितलं. एवढासा पांढरा, इंग्रजी 'T' अक्षरासारखा, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. त्याच्याकडे बघून रडू आलं, का ते सांगता येत नाही. रक्ततपासणीही दिली.

अबोली

आज १९ वा दिवस. सांजसावली, तुझी आठवण रोज येते. पहिले दहा दिवस काहीच नाही, आता छाती दुखते आणि कालपासून डोकं जड आहे. चेहऱ्यावर उलट दोन नवे फोड. पण एक फरक आहे, आता रडू येतं तेव्हा ते कशाचं आहे ते कळतं, पूर्वी कळत नव्हतं. रिपोर्ट आले. थायरॉईड ठीक, लोहाचा साठा मात्र तळाला. पाळी जवळजवळ बंद असताना लोह कमी कसं?

बकुळ

दोन बाळंतपणं आणि पाजण्यात गेलेलं लोह नंतर कुणी भरूनच काढत नाही, असं बऱ्याचदा दिसतं. पाळी कमी म्हणजे साठा भरलेला असं नसतं. तरी आहारात कमी पडतंय का, पचनाची तक्रार आहे का, हे डॉक्टरांना बघू द्या. केस गळण्यामागे आणि थकव्यामागे लोहाचाही वाटा असू शकतो. केसांना वेळ द्या. आज जे गळतायत त्यांचं ठरून दोन-तीन महिने झालेले असतात, त्यामुळे फरक दिसायला चार-सहा महिने सहज जातात. मुरमांना साधारण तीन महिने.

काही गोष्टींसाठी मात्र वाट पाहू नका. ताप, वास येणारा स्राव, ओटीपोटात वाढत जाणारी तीव्र कळ, सलग दोन तास तासाला एक पॅड भिजणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखवा. सहा आठवड्यांत पाळी आली नाही तर घरच्या घरी गर्भधारणेची चाचणी करा. आणि जगणं नको वाटायला लागलं तर ते 'हार्मोन्सचं आहे, उतरेल' म्हणून अंगावर काढू नका. त्याच क्षणी कुणाला तरी सांगा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सांजसावली

अबोली, एका वहीत रोज तीन शब्द लिही. झोप, मूड, दुखणं. मला सहाव्या आठवड्यात वाटत होतं काहीच सुधारत नाहीये. वही उघडली तर वाईट दिवस आठवड्याला सहावरून तीनवर आले होते. आतून ते जाणवत नाही गं, कागदावर दिसतं.

अबोली

साडेतीन महिने झाले. उशीर झाला लिहायला, पण तुम्ही सगळ्या वाट बघत असाल म्हणून.

पाळी ३४ व्या दिवशी आली, पाच दिवस, दुसऱ्या दिवशी पोट चांगलंच दुखलं. आतापर्यंत तीन झाल्या. पाळीच्या आधीचे तीन दिवस अजून चिडचिडीचे असतात, पण ते तीनच असतात आणि ते येणार हे मला माहीत असतं. हनुवटी साफ झाली, डाग आहेत. केस अजून गळतात, पण कपाळाच्या कडेला बारीक नवे केस उभे राहिलेत. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यातलं किती गोळ्यांनी झालं आणि किती तांबी काढल्यानं, मला वेगळं करता येत नाही.

सांजसावली, वही लिहिली. पहिल्या महिन्यात 'रडले' हा शब्द १४ वेळा आहे. गेल्या महिन्यात दोनदा. थोरलीनं परवा विचारलं, आई तू हल्ली ओरडत नाहीस का?

पुढचं म्हणजे नवऱ्यानं आपणहून नसबंदीचं विचारलं, पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. डॉक्टर, ऑपरेशन झालं की निरोध लगेच बंद करता येतो ना?

बकुळ

नाही, लगेच नाही. नळ्यांमध्ये आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. साधारण तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करतात. त्यात शुक्रजंतू नाहीत असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत निरोध चालू ठेवा. आणि लोहाचा साठा त्याच सुमाराला पुन्हा तपासा.